जर्मन जॅमचा डबा

इंग्लंडमधल्या एका केअर होममध्ये मी काम करते. इथल्या आजी-आजोबांची दुपार बरी जावी, हे माझं काम. दिग्दर्शक जॉन बूरमन यांचा दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनवरचा १९८७चा चित्रपट ‘होप अँड ग्लोरी’ दाखवायचं मी ठरवलं, तेव्हा सहकारी धास्तावले. ज्यांनी लहानपणी बॉम्बफेक सोसली, त्यांनाच ती पुन्हा दाखवायची? मी आधी प्रत्येकाला विचारलं. सगळे हो म्हणाले.

बूरमन यांनी यात स्वतःचंच बालपण मांडलंय. वडील सैन्यात, आई तीन मुलांना सांभाळतेय, थोरली बहीण कॅनेडियन सैनिकाच्या प्रेमात आणि मधला बिल बॉम्बचे तुकडे गोळा करत हिंडतोय. युद्धपटांत घर बहुतेकदा पत्र येण्यापुरतं दिसतं. इथे सगळं युद्ध घरातच चालतं. आणि घर जळतं तेही बॉम्बने नाही, साध्या आगीने! मला हे फार खरं वाटतं.

पडद्यावर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. नव्वदी ओलांडलेल्या एका आजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मी रिमोट उचलला, तशा त्या म्हणाल्या, “बंद कशाला करतेस गं? आमचा कुत्रा भोंग्याच्या आधीच जिन्याखाली पळायचा. त्याच्या मागून आम्ही.” खोलीत हशा पिकला. शेजारचे आजोबाही मग आपल्या मांजराची गोष्ट सांगू लागले.

पुढे वडील रजेवर येतात ते जर्मन जॅमचा डबा घेऊन. विष असेल, या भीतीने कोणी हात लावेना. शेवटी वडीलच चाखतात, बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात. आमच्या खोलीत हसून हसून डोळ्यांत पाणी! ब्रिटनमध्ये मार्च १९४१पासून जॅमही रेशनवर गेला होता, महिन्याला माणशी जेमतेम पाव किलो. एका आजींची आई रिकामी बरणी गरम पाण्याने विसळून ते पाणी मुलांना प्यायला द्यायची. बरणी कशी गोल गोल फिरवायची, ते त्यांनी हातातला कप फिरवून दाखवलं.

मग तो प्रसंग आला. एका मुलीची आई रात्रीच्या बॉम्बफेकीत गेलेली असते आणि पोरं कुतूहलाने त्या मुलीभोवती कोंडाळं करतात. कोणीच हसलं नाही. “आम्हीही असेच होतो,” एक आजोबा म्हणाले. “दुष्ट नव्हतो, पण मरण म्हणजे काय ते कळत नव्हतं.” मी दिवे लावू का, असं विचारलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

शेवटी शाळेवर बॉम्ब पडतो आणि मुलं हिटलरचे आभार मानत नाचतात. खोलीत टाळ्या पडल्या. तेवढ्यात आईला भेटायला आलेली एक लेक दारात थबकली. तिला ते खटकलं. “आई, माणसं मेली होती गं त्यात, आणि तुम्ही टाळ्या काय वाजवता?”

“माझी मावशी गेली त्यात,” आजी शांतपणे म्हणाल्या. “ती असती तर सगळ्यात मोठ्याने हसली असती.” मग माझ्याकडे वळल्या, “तो जॅमचा भाग परत लाव. हिने पाहिला नाहीये.”

मी एक खुर्ची पुढे ओढली आणि चित्रपट मागे नेला.