होकुलेआच्या वाटेवर: होनोलुलू ते माहुकोना

हवाईच्या होनोलुलूत उतरलेला माणूस आधी वाइकिकीच्या वाळूकडे पळतो. मी शहराच्या मध्यभागी, इओलानी राजवाड्याच्या आवारातल्या झाडांकडे मान वर करून उभा होतो. वर नुसत्या फांदीवर, एका काडीचंही घरटं न करता, मानू-ओ-कूचं पिल्लू बसलं होतं. पांढराशुभ्र, काळ्याभोर डोळ्यांचा हा सुरय पक्षी. ज्या झाडावर त्याचं अंडं किंवा पिल्लू असतं त्याच्या बुंध्याला निळी फीत बांधतात, म्हणजे छाटणीवाले ते झाड सोडून देतात. थोड्या वेळानं आई की बाप कोण ते कळलं नाही, पण चोचीत ओळीनं चार-पाच मासोळ्या आडव्या धरून आलं आणि भरवून गेलं.

हे मासे पकडायला तो सकाळी खुल्या समुद्रावर जातो आणि संध्याकाळी जमिनीकडे परततो. पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या पॉलिनेशियन वाटाड्यांना, म्हणजे यंत्राशिवाय होडीची वाट काढणाऱ्यांना, हीच सवय कामाची. बेट डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी हा पक्षी भेटतो. दिवस कलताना तो सरळ जिकडे उडत जाईल तिकडे जमीन. एवढ्याशा बेटाचा नेम धरण्यापेक्षा त्याच्याभोवती उडणाऱ्या पक्ष्यांच्या भल्यामोठ्या घेराचा नेम धरणं सोपं!

दुपारी बिशप म्युझियम गाठलं. तिथलं तारांगण वाटुमल या नावाचं. सिंधमधल्या हैदराबादहून आलेलं हे व्यापारी कुटुंब. भारतीय नाव दिसल्यावर उगाच बरं वाटतं, ते वाटलं. याच तारांगणात सत्तरच्या दशकात नायनोआ थॉम्पसन हा तरुण, पुढे होकुलेआ या होडीचा वाटाड्या झालेला, आकाश पाठ करत बसायचा. त्यानं क्षितिजाचे ३२ भाग केले, त्यांना तो घरं म्हणतो. तारा पूर्वेच्या ज्या घरात उगवतो पश्चिमेच्या त्याच नावाच्या घरात मावळतो. दिशा दाखवायला तो क्षितिजाजवळच हवा, वर चढला की पुढचा तारा धरायचा. रात्रभर हेच. ढग आले तर लाटा: दूरच्या वाऱ्यांनी उठवलेली लाट दिवसेंदिवस एकाच दिशेनं येत राहते, आणि होडी कशी डोलते त्यावरून आपण वळलो की नाही ते कळतं.

किती उत्तरेला आलो हेही आकाशच सांगतं. हवाईच्या अक्षांशावर त्रिशंकूचा तारकासमूह उभा असताना त्याच्या वरच्या आणि खालच्या ताऱ्यात जेवढं अंतर, तेवढंच खालच्या ताऱ्यापासून क्षितिजापर्यंत. आणि होकुलेआ, म्हणजे आपली स्वाती, बरोबर डोक्यावरून जाऊ लागते. ती मुंबईच्याही डोक्यावरूनच जाते. पण मुंबईच्या आकाशात मान वर करून बघतंय कोण!

स्वातीचंच नाव दिलेली जोडहोडी, म्हणजे दोन होड्या शेजारी जोडून केलेली शिडाची होडी, १९७५ मध्ये ओआहू बेटाच्या कुआलोआ किनाऱ्यावर पाण्यात उतरली. पॉलिनेशियन माणसं वाऱ्या-प्रवाहाबरोबर भरकटत, योगायोगानं या बेटांवर पोचली, असं तेव्हा बरेच विद्वान मानत. खोडून काढायचं तर जाऊनच दाखवायला हवं होतं. १९७६ मध्ये होकुलेआ हवाईतल्या माउई बेटाहून निघाली आणि महिन्याभरात, होकायंत्राशिवाय, सुमारे अडीच हजार मैलांवरच्या ताहितीला पोचली. तिथल्या पापीटी बंदराच्या धक्क्यावर १७,००० माणसं जमली होती.

होडी अगदी जुन्या पद्धतीची नाही. ती प्लायवूड, फायबरग्लासची आहे. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण प्रश्न लाकडाचा नव्हता, वाट काढण्याचा होता. आणि खरी मेख पुढेच आहे: ती वाट काढणारा माणूस हवाईचा नव्हताच. हवाईत ही विद्या जाणणारं कुणी उरलं नव्हतं. १८९६ च्या कायद्यानं शाळांमधून हवाईयन भाषा गेली होती, तिथे ताऱ्यांची काय कथा. म्हणून मायक्रोनेशियातल्या सातावाल या चिमुकल्या बेटावरून माऊ पियाइलुग यांना बोलावलं. प्रवासात खलाशांची इतकी भांडणं झाली की माऊ ताहितीहून परतीला थांबलेच नाहीत, घरी निघून गेले. १९७८ च्या दुसऱ्या सफरीत होडी मोलोकाई बेटाजवळ उलटली आणि मदत आणायला सर्फबोर्डवरून गेलेला एडी आइकाऊ परत आला नाही. त्यानंतर नायनोआनं माऊंना गाठलं. ही विद्या घराबाहेर द्यायची नसते, परक्याला तर नाहीच, माऊंनी दिली. १९८० मध्ये नायनोआनं स्वतः ताहिती गाठून होडी परत आणली. पुढे २०१४ ते २०१७ मध्ये होकुलेआनं पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाइकिकीतल्या संध्याकाळच्या नाचगाण्यांपेक्षा मला ही हवाई जास्त खरी वाटते.

मग मोठ्या बेटावर, म्हणजे खुद्द हवाई नावाच्या बेटावर गेलो. कोहालाच्या कोरड्या किनाऱ्यावर, माहुकोनाला, समुद्राकडे तोंड करून उभे दगड आहेत. एकेक दगड दूरच्या एकेका बेटाची दिशा दाखवतो. वारा इतका की टोपी हातात धरूनच फिरावं लागलं. आजही तरुण खलाशांना इथे आणून शिकवतात. तिथून दक्षिणेला कावाइहाए बंदर लागतं. याच गावात हवाईच्या लोकांनी माऊंसाठी ‘अलिंगानो माइसू’ ही जोडहोडी बांधली आणि २००७ मध्ये होकुलेआबरोबर सातावालला नेऊन त्यांना दिली. त्याच वेळी माऊंनी नायनोआसह पाच हवाईयनांना वाटाड्याची दीक्षा दिली. २०१० मध्ये माऊ गेले. त्यांचा मुलगा सेसारिओ याच होडीचा कप्तान झाला, आणि तिच्यावर मायक्रोनेशियातल्याच पोरांना शिकवू लागला.