देवी विचारते, काय देऊ?

गोव्यात देवाला प्रश्न विचारायची सोय पक्की आहे. मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावायच्या, भटजींनी गाऱ्हाणं घालायचं आणि मग सगळ्यांनी टक लावून बसायचं. उजवीकडची पाकळी आधी पडते की डावीकडची, यावर घर बांधायला काढायचं का, मुलीचं स्थळ पुढे न्यायचं का, हे ठरतं. प्रसाद उजवा झाला की माणूस मोकळा. डोकं चालवायचं काम देवाचं, आपण फक्त बघायचं. आयुष्यभर याची सवय असलेली मी एका व्हिडिओ गेममधल्या दगडी देवीपुढे उभी राहिले, तर तीच मला विचारायला लागली, तुला काय हवं? हार्ट की स्टॅमिना? म्हणजे जीव की दम?

गेमचं नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. २०१७ साली निंटेंडोने काढलेला. आमच्या घरी तो आणला भाच्याने. तो फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो आणि फोंड्यात आमच्याकडे राहतो. परीक्षा आल्या की तो अभ्यासाला बसतो आणि खेळायचं यंत्र माझ्या ताब्यात येतं, ही व्यवस्था दोघांनाही मान्य आहे.

असल्या खेळांत बळ वाढवायची एक जुनी रीत आहे. १९७४ सालच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-फाशांच्या खेळापासून ती चालत आलीय. राक्षस मारा, खजिना लुटा, गुण साठवा, पुरेसे झाले की एक पायरी वर. इथे तसं काहीच नाही. लिंक नावाच्या नायकाने शंभर राक्षस लोळवले तरी त्याच्या अंगात एका मुंगीचंही बळ वाढत नाही. उलट हातातली तलवार मोडते, ते वेगळंच. बळ मिळतं ते देवळांतून. डोंगरकपारीत लहान लहान देवळं आहेत, आत एखादं कोडं, आणि कोडं सुटलं की मांडी घालून बसलेला, वाळून कोळ झालेला एक साधू आपल्याला एक तेजाचा गोळा देतो आणि हवेत विरून जातो. असे चार गोळे जमले की देवीच्या मूर्तीपुढे हात जोडायचे. चारांच्या बदल्यात एकच वस्तू: एक जादाचं हार्ट, नाहीतर स्टॅमिनाच्या चक्राचा पाचवा हिस्सा.

ही निवड अगदी सुरुवातीलाच करावी लागते. खेळ सुरू होतो तो एका उंच पठारावर. चारी बाजूंनी कडे तुटलेले, उडी मारली की संपलं. तिथली चार देवळं करा, पडक्या मंदिरातल्या देवीपुढे उभे राहा, पहिलं मागणं मागा. त्यानंतर तिथला म्हातारा हातात ती हवेत तरंगायची छत्री देतो आणि बाकीचं राज्य खुलं होतं. मला ही रचना फार आवडली. जग मोकळं करण्याआधी खेळ एवढंच विचारून घेतो, की बाई, तू कशाच्या जोरावर जाणार आहेस?

"मावशी, हार्ट घे," भाचा पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला. "तीन हार्टांवर कोण फिरतं? एका फटक्यात जाशील."

मी स्टॅमिना घेतला. तेव्हाही, आणि नंतर बहुतेक वेळा. फटके खायला मी तिथे जातच नाही मुळी. मला समोरचा डोंगर चढून पलीकडे काय आहे ते बघायचं असतं. या खेळात कुठल्याही भिंतीला हात घालून चढता येतं. अट एवढीच की वर पोचेपर्यंत दम पुरला पाहिजे. हिरवं चक्र झिजत झिजत लाल होतं, कड्याची धार दोन हातांवर दिसत असते आणि पकड सुटते. त्यात पाऊस. या खेळातल्या पावसात दगड निसरडा होतो. चार ढांगा वर गेलं की माणूस घसरून खाली. परराज्यातल्या खेळाडूंना हा खोडसाळपणा वाटत असेल. जुलैत आमच्या मागच्या अंगणातल्या शेवाळलेल्या चिऱ्यांवरून विहिरीकडे जाणाऱ्या बाईला वाटत नाही. वीज कडाडायला लागली की लिंकच्या पाठीवरची लोखंडी ढाल-तलवारही उतरवून ठेवावी लागते, नाहीतर वीज थेट अंगावर. असल्या पावसात इकडे आमच्याकडे लाइट गेलेली असते आणि मी यंत्राच्या बॅटरीवर तिकडे एका कपारीत शेकोटी पेटवून पाऊस थांबायची वाट बघत असते.

शिवाय हार्ट स्वयंपाकघरात मिळतात, हा माझा हुकमी मुद्दा. ड्युरियन म्हणून एक काटेरी, आपल्या फणसाच्या गोतातलं दिसणारं फळ आहे. एक नुसतं शिजवून खाल्लं तरी सगळ्या जखमा भरून वर चार पिवळी हार्ट, तात्पुरती का होईना. भाचा म्हणतो, तसा स्टॅमिनाही अळंब्या खाऊन वाढतो. वाढतो, मान्य. पण त्या अळंब्या शोधायला डोंगरच चढावे लागतात.

त्याचा खरा मुद्दा मात्र बिनतोड आहे. जंगलात खडकात रुतलेली ती प्रसिद्ध तलवार उपसायची तर पदरची तेरा हार्ट लागतात. ड्युरियनची उसनी पिवळी तिथे चालत नाहीत. यावर तोडगाही खेळातच आहे आणि तो मला देवीपेक्षा ओळखीचा वाटतो. हातेनो गावाच्या एका कोपऱ्यात शिंगं असलेली एक मूर्ती आहे. हा गृहस्थ जीव आणि बळ यांचा व्यापार करायचा म्हणून देवीने त्याला दगड करून टाकलंय. दगड झाला तरी धंदा चालूच. आपला स्टॅमिना तो शंभर रुपयांना विकत घेतो (तिथलं चलन रुपी, पण आम्ही घरात रुपयेच म्हणतो) आणि त्या जागी हार्ट देतो एकशेवीसला. तलवार उपसली की उलटा सौदा, पुन्हा वीस त्याला. खेपेला वीस रुपये दलाली. देवीने दिलेलं बदलून घ्यायचं तर दलाल गाठावा लागतो, हे कोणी शिकवायला नको.

हिशेब मात्र कुठूनही केला तरी पुरा होत नाही. देवळं एकशेवीस, म्हणजे तीस मागणी. चार अजस्र यंत्रप्राणी सर केले की प्रत्येकी एक हार्ट मिळतं, ती चार धरून चौतीस. आणि दोन्ही काठोकाठ भरायला लागतात सदतीस! ही बेरीज भाच्याने वहीच्या मागच्या पानावर तीनदा केली. सगळं राज्य पालथं घातलं तरी तीन कमी, हे त्याच्या पचनी पडत नाही. त्याच्या मते ते तीन स्टॅमिन्यात सोडावेत. मी हार्टांत सोडणार. तिसांतली सत्तावीस हार्ट म्हणजे काय कमी झाली?