दुपारी बाराच्या आत मुक्काम

नकाशात दिसणारे तास हे मुलं नसलेल्या माणसांसाठी असतात, हे धरूनच आम्ही गाडीने करायच्या लांबच्या प्रवासाच्या आखणीला बसलो. मोठी सहा वर्षांची, धाकट्याला नुकतंच दुसरं संपलेलं, आणि उन्हाळा ऐन भरात. फोन दाखवेल त्या वेळेच्या दीडपट वेळ धरायचा आणि रोजचा टप्पा दुपारी बाराच्या आत संपेल एवढाच घ्यायचा, असं ठरवलं. पहाटे पाचला निघायचं, ऊन डोक्यावर यायच्या आत खोली गाठायची.

नवऱ्याचं म्हणणं होतं, रात्रीच निघू, मुलं झोपतात. झोपतात हे खरंच, पण सकाळी ती टवटवीत उठतात आणि रात्रभर गाडी चालवलेले आई-बाप अर्धमेले असतात. मग त्यांच्यामागे धावायचं कोणी? शिवाय मध्यरात्रीनंतरचे काही तास आणि दुपारी दोन ते चार या वेळेत शरीर आपसूक पेंगायला लागतं, कितीही कॉफी ढोसली तरी. हा मुद्दा त्याला पटला. आदल्या रात्री सामान गाडीत भरून सगळे नऊला आडवे झालो. मुलांना पहाटे तशीच उचलून सीटवर ठेवली, दोघं अर्ध्या झोपेत, आणि पहिले दोन तास गाडीत चिटपाखरू नसल्यासारखी शांतता मिळाली. अंतर खरं कापलं जातं ते याच वेळात.

सीटच्या बाबतीत मात्र मी अडून बसले. धाकट्याची लहान मुलांसाठीची वेगळी सीट मागे तोंड करून लावलेली होती. "आता मोठा झाला की, वळव ना," असं घरातल्या मोठ्यांनी सुचवलं होतं. पण सीटवर लिहिलेली वजनाची आणि उंचीची मर्यादा संपेपर्यंत ती वळवायची नाही. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड, मान नाजूक. करकचून ब्रेक लागला तर तोंड पुढे असलेल्या मुलाच्या मानेवर सगळा ताण येतो, मागे असेल तर तो पाठभर पसरतो. ही सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीच लावायची नाही. मोठीला बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, त्यामुळे पट्टा गळ्यावरून न जाता खांद्यावरून आणि पोटाऐवजी मांड्यांच्या वरच्या हाडावरून जातो. पट्टा सोडायचा हट्ट सुरू झाला की गाडी कडेला सुरक्षित जागी उभी करायची आणि पट्टा लागल्याशिवाय हलवायचीच नाही. ओरडण्यापेक्षा हे लवकर लागू पडलं.

आता उलटी. मोठीला गाडी लागते, त्यामुळे या विषयात मी जवळजवळ तज्ज्ञ झाले आहे. आतल्या कानाला कळतं की आपण हलतोय, डोळ्यांना मात्र समोरचं पुस्तक किंवा स्क्रीन जागच्या जागी दिसते, आणि या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास जास्त असतो. म्हणून घाटवळणांवर टॅब बंद, चित्रांची पुस्तकं बंद. तिला काम दिलं ते रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरचे आकडे वाचायचं आणि आधीच्या आकड्यातून किती कमी झाले ते सांगायचं. नजर लांब, बाहेर राहते आणि "अजून किती?" या प्रश्नाचं उत्तर तिचं तीच देते.

तरी वळणं वाढली की काय होतं ते मला पाठ आहे. आधी तिची बडबड थांबते. मग एकामागून एक जांभया, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब, ओठ पांढरे, आणि सारखा आवंढा गिळणं. "पोटात दुखतंय" हे शब्द येईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. जांभयांवरच गाडी थांबवायची, उतरवून चार पावलं चालवायचं, तोंडावर वारा येऊ द्यायचा. बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावलं. जिथे नाही निभावलं, तिथे झाकणाचा प्लास्टिकचा डबा तिच्या पायाशी होताच. पिशव्यांपेक्षा डबा शंभर पटीने बरा, पिशवीला नेमकं भोक असतं. निघताना पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको, तेलकट अजिबात नको. औषध मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण मोठ्यांची उलटीची गोळी अर्धी करून देणं धोक्याचं असतं. प्रोमेथाझिनसारखं औषध तर दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नसतं.

उन्हाचा माझा धसका वेगळाच आहे. उभ्या गाडीत दहा मिनिटांत तापमान दहा अंशांच्या आसपास चढतं, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. त्यामुळे "झोपलाय ना, राहू दे, दोन मिनिटांत येते" हे वाक्य आमच्याकडे बंद. स्वच्छतागृहात जायचं असलं तरी एक मोठं माणूस मुलांजवळ, नाहीतर झोपलेलं पोर खांद्यावर. उन्हात उभी राहिलेल्या गाडीत मूल बसवण्याआधी पट्ट्याचं धातूचं बक्कल हाताने चाचपायचं, ते चटका देण्याइतकं तापलेलं असतं. सीटवर पांढरी चादर टाकून ठेवली की बरंच वाचतं. आधी सगळी दारं उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्यायची, मग एसी. एसी सतत आतल्याच हवेवर ठेवला तर कार्बन डायऑक्साइड साठून चालवणाऱ्याला सुस्ती येते. दर थोड्या वेळाने बाहेरची हवा आत घ्यायची. टायरची हवा पहाटे, चाकं थंड असतानाच तपासायची, तापल्यावरचा आकडा फसवा असतो.

पाणी मागायची वाट पाहायची नाही, आपणहून देत राहायचं. खेळात रमलेलं मूल तहान सांगत नाही. लघवी गडद झाली किंवा सहा-आठ तास झालीच नाही, तर प्रवास बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, पूर्ण घालायची. अर्ध्या पाण्यात घट्ट करून दिली तर मीठ जास्त होऊन उलट अपाय होतो. उरलेलं चोवीस तासांनंतर ओतून टाकायचं.

थांबे दर दोन तासांनी. चहाची जागा शोधण्यापेक्षा पळायला मोकळी, सावलीची, रस्त्यापासून लांबची जागा शोधली. वीस मिनिटं नुसतं हुंदडू दिलं की पुढचा टप्पा शांत जातो. तासभर जेवायला बसवलं तर फक्त कपडे खराब होतात, पाय मोकळे होत नाहीत. खेळण्यांची पिशवी मी एकदम उघडली नाही, दर थांब्यानंतर एकच वस्तू बाहेर. धाकट्याला सगळ्यात जास्त वेळ कशाने रमवलं असेल तर रिकाम्या डब्याला चिकटपट्टीचे तुकडे लावायचे आणि काढायचे, याने. त्यासाठी घेतलेलं महागडं खेळणं सीटखाली पडून होतं.

बारापर्यंत खोलीत. पडदे ओढून सगळ्यांची झोप, संध्याकाळी पाचनंतर बाहेर. नवऱ्याला पहिल्या दिवशी हे वेळ वाया घालवणं वाटत होतं. परतीची आखणी करताना त्यानेच विचारलं, "दुपारचा मुक्काम आणखी अलीकडे घेऊया का?" घेतला. अंतर थोडं कमी झालं, एक रात्र वाढली, आणि गाडी धुताना सीटच्या फटीत बिस्किटांचा चुरा सापडला, उलटीचा डाग मात्र एकही नाही.