विमवरून हेलिक्सवर: राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यांवर सराव

विम आणि हेलिक्स हे दोन्ही टर्मिनलमध्ये, कीबोर्डच्या कमांडवर चालणारे टेक्स्ट एडिटर. विमची सवय असताना हेलिक्स शिकायला सरावाला खेळण्यातली फाइल घेतली नाही. पावसाळ्यात रोज येणाऱ्या पूरस्थितीच्या मेसेजमधून उतरवलेली पंचगंगेची पातळी घेतली. दर ओळीला तारीख, वेळ आणि ३९'०४" असा फूट-इंचाचा आकडा. काही ओळींत देवनागरी अंक, काहींत इंग्रजी. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. पायथनने ही तुलना करायची तर फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत हवेत.

विममध्ये आधी क्रिया सांगायची, मग ती कशावर करायची ते. हेलिक्समध्ये उलटं आहे आणि ही रीत काकून या एडिटरकडून आली आहे. डब्ल्यू दाबला की शब्द निवडला जातो, रंगात दिसतो, मग डी दाबला की उडतो. ओळ उडवायला एक्स, मग डी. कंसातला मजकूर बदलायला विममध्ये सी-आय-कंस, इथे एम-आय-कंस आणि मग सी.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती विममध्ये ओळ उडवणाऱ्या डी-डीची सवय. हेलिक्समध्ये कर्सरखालचं अक्षर हीच एक निवड असते, त्यामुळे डी-डीने ओळ जात नाही, दोन अक्षरं जातात. ओळीच्या सुरुवातीला असाल तर तारखेतला दिवसच गायब. एरर नाही, काही नाही. यूने मागे या. पुन्हा पुढे जायला कंट्रोल-आर नव्हे, शिफ्ट-यू. ओळीच्या शेवटी जायला सवयीने $ दाबलात तर खाली शेल कमांड विचारणारी पट्टी उघडते. एस्केप मारा आणि जी-एल वापरा. फाइलच्या शेवटी जायला जी-ई.

आता खरं काम. % ने पूर्ण फाइल निवडा, एस दाबा, ['’] हा पॅटर्न द्या, एंटर. चौकटी कंसात दोन्ही चिन्हं हवीतच, कारण मोबाइलवरून कॉपी केलेल्या मजकुरात सरळ आणि वळणदार अशी दोन्ही अवतरणं मिसळून येतात. पॅटर्न टाइप होत असतानाच फाइलभर निवडी दिसू लागतात. एखादं अवतरण शेऱ्याच्या रकान्यातलं असेल तर ) दाबत त्या निवडीवर या आणि ऑल्ट-स्वल्पविरामाने तेवढीच काढून टाका. मग आर आणि स्वल्पविराम: सगळीकडे एकदम बदल. इंचाच्या दुहेरी चिन्हालाही हीच कृती, फक्त शेवटी आरऐवजी डी. काम झालं की स्वल्पविराम दाबून एकच कर्सर ठेवा. हे राहिलं आणि पुढे आय दाबून टाइप केलं, तर तोच मजकूर शेकडो ठिकाणी उमटतो.

विमच्या बदली कमांडला सी फ्लॅग लावून एकेक होकार देत हेच करता येतं. पण सगळ्या जागा एका नजरेत दिसणं आणि नको ती वगळणं, यात हेलिक्स सरस आहे. एडिटर बदलायचा त्रास एवढ्यासाठी घ्यावा.

देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी मोठा फायदा: हेलिक्सच्या शोधात \ आणि डी या पॅटर्नमध्ये ०-९ देवनागरी अंकही धरले जातात. विममध्ये तो पॅटर्न फक्त इंग्रजी अंक पकडतो. पायथनचं इंट फंक्शनही '३९' चा आकडा करतं, त्यामुळे अंक बदलत बसायची गरज नाही.

अडचण येते ती कीबोर्डची. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू ठेवून एस्केप मारलं तर एक्सच्या जागी अनुस्वार जातो, डीच्या जागी पायमोड, आणि कमांड चालत नाही. हालचालीपुरता उपाय म्हणजे कॉन्फिग फाइलच्या नॉर्मल मोडच्या (कमांड देण्याच्या अवस्थेच्या) विभागात प, र, क, त या कळा एच, जे, के, एल यांच्या कामाला लावणं, आणि आय साठी ग. सिलेक्ट मोडचा (निवड वाढवण्याच्या अवस्थेचा) विभाग वेगळा असतो, तिथेही लिहावं लागतं. नंतर कॉन्फिग-रीलोड. बाकी कमांडसाठी भाषा बदलणं सोपं. जोडाक्षरांची रुंदी टर्मिनल आणि एडिटर वेगवेगळी मोजतात, म्हणून उजवीकडचा मजकूर सरकलेला दिसतो. फाइल बिघडलेली नसते, रीड्रॉ कमांड द्यावी.

पायथनच्या सूचना दिसत नसतील तर टर्मिनलमध्ये एचएक्स (हेलिक्सची कमांड), हेल्थ पर्याय आणि भाषेचं नाव द्या. फुली दिसली तर लँग्वेज सर्व्हर, म्हणजे एडिटरला सूचना पुरवणारा वेगळा प्रोग्राम, सापडलेला नाही. नव्या उबुंटूत पायथनची पॅकेजं बसवणारा पिप थेट वापरता येत नाही, म्हणून त्याच्याऐवजी पिपएक्सने पायथन-एलएसपी-सर्व्हर बसवा आणि पिपएक्सची एन्शुअरपाथ कमांड चालवून टर्मिनल नव्याने उघडा.

विमच्या सगळ्या कळा हेलिक्सवर लादू नका. निवड आधी दिसण्याचा फायदाच त्यात जातो आणि दोन्हीकडचा हात बिघडतो. अपवाद एकच: एस्केपला निवड मिटवण्याचं आणि एकच कर्सर ठेवण्याचं काम द्यावं.

टिंबाची कळ अजून सुटलेली नाही. विममध्ये ती शेवटचा कुठलाही बदल पुन्हा करते, इथे फक्त शेवटचं टाइप केलेलं. तोवर शिफ्ट-क्यूने मॅक्रो (दाबलेल्या कळांची मालिका) रेकॉर्ड करून क्यूने चालवणं सुरू आहे.