बोक्याचा दवाखाना आणि आठवड्याचे २० तास

आमच्या अमळनेरकडे मांजर आजारी पडलं की माळ्यावर जाऊन बसायचं, दोन दिवसांनी बरं वाटलं तर खाली यायचं, नाहीतर नाही. तालुक्याला सरकारी गुरांचा दवाखाना आहे पण तिथे गाय, म्हैस, बैल, शेळ्या, फार तर एखादा कुत्रा. केसपेपरचे पैसे नाममात्र. त्यामुळे मी मम्मीला फोनवर सांगितलं की भरीतला डॉक्टरकडे नेतेय आणि नुसतं तपासायचेच पन्नासेक पौंड लागतात, तर पलीकडून आलं, "मांजरले कसाले व दवाखाना?" मग पन्नास पौंडाचे रुपये करून झाल्यावर अजून एक वाक्य आलं, ते इथे लिहीत नाही.

भरीत म्हणजे आमचा बोका. कपाशीच्या काट्यांवर भाजलेल्या वांग्याच्या सालीचा जो रंग असतो ना, काळा आणि मध्येच राखाडी, तोच याचा. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकते, तिथल्या आमच्या शेअर हाऊसमध्ये आधीचे भाडेकरू त्याला सोडून गेले आणि मग तो आमचाच झाला, म्हणजे खरं सांगायचं तर माझा, कारण बाकीच्या दोघी फक्त फोटो काढतात.

इथे येणाऱ्यांना वाटतं की ब्रिटनमध्ये सगळं फुकट. माणसांचं तरी तसं कुठे, व्हिसासोबत आपण स्टुडंट लोक वर्षाला ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज भरतो तेव्हा ती एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा मिळते. प्राण्यांसाठी तेवढंही नाही. सगळं खाजगी, वर बिलावर २० टक्के व्हॅट. आणि माझी कमाई म्हणाल तर कॉलेज चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करायची परवानगी, २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं, म्हणजे सगळ्या शिफ्ट मिळाल्या तरी आठवड्याला २४४ पौंड. त्यात भाडं, बस, किराणा. आता यातून मांजराचं रक्त तपासा!

गरिबांच्या प्राण्यांसाठी इथे संस्था आहेत आणि जुन्या आहेत. पीडीएसए ही मारिया डिकिन नावाच्या बाईने १९१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात सुरू केली, ब्लू क्रॉसचं व्हिक्टोरियामधलं प्राण्यांचं हॉस्पिटल तर १९०६ चं. पीडीएसएचं हॉस्पिटल लेस्टरमध्येही आहे. पण तिथे उपचार मिळायचे तर तुम्ही त्यांच्या भागात राहायला हवं आणि तुम्हाला युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट असं काहीतरी सरकारी साहाय्य चालू असायला हवं. आपल्या व्हिसावर ते घ्यायलाच बंदी, म्हणजे खिसा रिकामा असला तरी तो रिकामा आहे हे दाखवायचा कागद आपल्याकडे नाही. संस्थेला दोष देत नाही मी, देणगीवर चालतात, कुठेतरी रेघ मारावीच लागते. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, आपल्या पोरापोरींमध्ये अशी भीती असते की चॅरिटीची मदत घेतली तर व्हिसा जाईल. तसं नसतं. बंदी आहे ती सरकारी साहाय्याच्या ठरावीक यादीवर, चॅरिटी त्यात येत नाही. कॅट्स प्रोटेक्शन म्हणून १९२७ पासूनची संस्था आहे, ती कमी उत्पन्नवाल्यांना नसबंदीच्या खर्चात मदत करते, तिथे विचारून बघायला काही जात नाही.

तर झालं असं की एका शनिवारी भरीत सारखा लिटर ट्रेमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये, जाऊन बसायला लागला, जोर लावायचा, ओरडायचा, आणि निघायचे दोन थेंब. बोक्याचं हे दिसलं तर उद्या बघू म्हणायचं नाही. नर मांजराची लघवीची नळी अरुंद असते, ती पूर्ण तुंबली तर एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आणि हे गावाकडच्यांनीही वाचून ठेवा, घरातली पॅरासिटामॉल मांजराला अजिबात द्यायची नाही, अर्धी गोळीसुद्धा मारू शकते.

संध्याकाळनंतर इमर्जन्सीचा दर नुसता तपासायचाच दोनशेच्या वर जातो म्हणून क्लिनिक बंद व्हायच्या आत धावत गेले. डॉक्टर बाईंनी पोट दाबून बघितलं, मग एक कागद पुढे केला, त्यात रक्त, लघवी, सोनोग्राफी, रात्रभर ॲडमिट, सगळं मिळून साडेसहाशेच्या आसपास. आपल्याकडे कसं, दवाखान्यात गेल्यागेल्या आपण विचारतो "डॉक्टर, किती होईल?", त्यात लाज कसली, कापूस विकताना भाव विचारतो तेवढंच सरळ. पण इथे आलं की आपली माणसं एकदम साहेबी होतात, पैशाचं बोलायचं म्हणजे जिभेला गाठ. मी म्हटलं मॅडम मी स्टुडंट आहे, आज माझ्याकडे दीडशे आहेत, यातलं आज केल्याशिवाय भागणारच नाही असं काय आणि थांबता येईल असं काय? बाई जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या मूत्राशय मऊ आणि रिकामं लागतंय, म्हणजे तुंबलेलं नाही, सूज आहे. लघवीची तपासणी आणि दुखण्याचं औषध आज, बाकीचं थांबू शकतं, पण लघवी पूर्ण बंद झाली तर तडक आणायचं, पैसे असोत नसोत. आणि खरंच, वेदना कमी करणं आणि प्रथमोपचार याला विनाकारण नकार द्यायचा नाही असा इथल्या पशुवैद्यांचा नियमच आहे, बाकी उपचाराचे पैसे मात्र लागतातच.

बिल १३० च्या आत झालं. निघताना पुढच्या औषधाचं लेखी प्रिस्क्रिप्शन मागून घेतलं, त्याचे वेगळे पैसे लागतात पण तेच औषध ऑनलाइन फार्मसीत बरंच स्वस्त पडलं. हे क्लिनिकवाले आपणहून सांगतीलच असं नाही, विचारायचं.

दर एवढे का, तर एक कारण मोठ्या कंपन्या. २०१३ मध्ये इथले १० टक्के दवाखाने मोठ्या ग्रुपकडे होते, आता जवळपास ६० टक्के. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटी या सरकारी संस्थेने मे २०२४ मध्ये यावर रीतसर चौकशी लावली. पाटीवर जुनंच नाव असतं म्हणून मालक कोण ते कळत नाही, वेबसाइटच्या तळाशी बघायचं आणि आसपासच्या दोनतीन ठिकाणी फोन करून दर विचारायचे, फरक बराच निघतो.

इन्शुरन्सचं म्हणाल तर आजार व्हायच्या आधी काढला तरच अर्थ. आता भरीतच्या कागदावर लघवीचा त्रास लिहिला गेला, म्हणजे तोच आजार कुठल्याही नव्या पॉलिसीत बाहेर. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, मात्र टाळता येत नाही, १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये मांजरीला सक्तीची आहे, नसली तर ५०० पौंडांपर्यंत दंड.

गावाकडच्या वाचकांसाठी, आपल्याकडे १९६२ हा पशुवैद्यकीय मोबाईल व्हॅनचा टोल फ्री नंबर आहे, मुख्यतः गुरांसाठी. आणि घरातल्या मांजरीला रेबीजची लस टोचून घ्या, इथे रस्त्यावरच्या कुत्र्या-मांजरांत रेबीज नाही, आपल्याकडे आहे.

भरीत आता ओलं खाणं खातो, पाणी पोटात जावं म्हणून, आणि ते कोरड्यापेक्षा महाग आहे. दर शुक्रवारी पगारातले दहा पौंड वेगळ्या अकाउंटला टाकते, पुढच्या महिन्यात त्याची लस आहे. मम्मीला लसीचं अजून सांगितलेलं नाही.