नवी एमटीबी: डेमो राइडचे पैसे कुठे कामी आले

एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांवर चालवायची सायकल, अजून घेतलेली नाही. बजेट ८० हजारांचं, हार्डटेलकडे (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलकडे) कल, आणि पैसे भरून डेमो घेतल्याशिवाय अॅडव्हान्स द्यायचा नाही, इतकं पक्कं आहे.

संभाजीनगरात बहुतेक दुकानांत ट्रायल म्हणजे दुकानापासून चौकापर्यंत जाऊन परत यायचं. सिमेंटच्या रस्त्यावर ३० हजारांची सायकलही मऊ वाटते आणि दीड लाखाचीही. शिवाय दुकानदार दारात उभा असताना माणूस सायकल जपूनच चालवतो. म्हणून मी थेट विचारायला लागलो, पैसे घ्या, पण दिवसभर द्या. काहींनी नाही म्हटलं. त्यांचं बरोबर आहे. एकदा दगडावर गेलेली सायकल नवी म्हणून विकता येत नाही, आणि तो तोटा त्यांनी का सोसावा? एका दुकानाने मात्र भाड्यासाठी वेगळी ठेवलेली हार्डटेल काढली. दिवसाचे १,२०० रुपये, ओळखपत्र, थोडी अनामत, आणि सायकल तिथूनच घेतली तर भाडं बिलातून वजा. मला हा व्यवहार फार स्वच्छ वाटतो. पैसे दिले की भीड राहत नाही.

तिथल्या मेकॅनिकने ते माझ्याआधीच बोलून दाखवलं. "दादा, पैसे भरलेत तर मुरमातच घाला. डांबरावर काय कळायलंय?"

चाचणीची जागा सातारा डोंगराकडची मुरमाची चढण. खाली घट्ट मुरूम, वर सुटे खडे, मध्येच बेसॉल्टचे उघडे दगड आणि दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ. प्रत्येक सायकल याच वाटेवर, तीच पाठपिशवी, तेवढंच पाणी. हवा मोजायला गेज माझा स्वतःचा, पेडल आणि हेल्मेटही माझंच. वाट बदलली की तुलना संपते.

या हार्डटेलचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा धक्के शोषणारा भाग, १०० मिमीपर्यंत दबणारा, कॉइल स्प्रिंगवाला. पिशवीसकट माझं वजन ७८ किलो. उतारावर दगडांची रांग लागली की फोर्क टोकाला जाऊन ठक् वाजायचा आणि तो धक्का थेट मनगटात यायचा. वरची प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी गुंडी घट्ट करून पाहिली. त्यामुळे सायकल पुढून थोडी उचलली गेली, ठक् तसाच राहिला, कारण प्रीलोडने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. टायरमध्ये ट्यूब असल्याने ३० पीएसआयच्या खाली गेलो नाही. हवा कमी असताना रिम दगडावर आपटली की ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पण ३० वर मागचं चाक चढावर खड्यांवरून सटकत होतं.

नंतर त्याच वर्गातली एअर फोर्कवाली (स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असलेली) सायकल मिळाली, १२० मिमी ट्रॅव्हलची, म्हणजे फोर्क तेवढा दबणारी. तिच्यासाठी दुकानात बराच वेळ गेला आणि डेमोच्या पैशांचं खरं मोल मला तिथे कळलं. मी पूर्ण तयारीनिशी सायकलवर भिंतीला टेकून बसलो. मेकॅनिकने फोर्कच्या नळीवरची रबरी रिंग सीलपर्यंत खाली सरकवली, मला हळूच उतरायला सांगितलं आणि रिंग किती वर गेली ते पट्टीने मोजलं. ३४ मिमी. म्हणजे नुसत्या वजनाने जवळजवळ २८ टक्के ट्रॅव्हल संपलेला. शॉक पंपने हवा भरून तो २४ मिमीवर, २० टक्क्यांवर आणला. मग रिबाउंडची, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारी गुंडी एकेक टिक फिरवत फोर्क उसळी न मारता वर येईल तिथे ठेवली. चौकापर्यंतच्या फेरीसाठी एवढं कोण करणार? पुढे त्याच दगडांवर ठक् एकदाही वाजला नाही. टायर ट्यूबलेस होते, २४ पीएसआयवर चालवले, आणि जिथे आधी पाय टेकावा लागला होता ती चढण बसूनच निघाली.

साइझचा प्रश्नही इथेच सुटला. माझी उंची १७२ सेंमी, कंपनीच्या तक्त्यात मीडियम आणि लार्जच्या बरोबर मध्ये. लार्ज सपाटीवर ऐसपैस वाटते. तासाभराच्या चढणीनंतर मात्र खांदे ओढले जातात आणि उतारावर सीटच्या मागे सरकायला जागा अपुरी पडते. मीडियम घेणार, यावर आता चर्चा नाही.

फुल सस्पेन्शन, म्हणजे मागच्या चाकालाही सस्पेन्शन असलेली सायकल, पुण्याहून आणली, शनिवार-रविवार गाडीच्या कॅरिअरवर टाकून. भाडं जास्त आणि प्रवास वेगळा. उतारावर ती सायकल सुरेखच आहे, दगड आहेत हेच विसरायला होतं. तरी मी घेणार नाही. मागच्या जोडांची बेअरिंग, मागचा शॉक, या सगळ्याची सर्व्हिस मला पुण्यातच करावी लागेल आणि आपली धूळ बेअरिंगांना सोडत नाही. ८० हजारांत फुल सस्पेन्शन घ्यायची तर ब्रेक आणि फोर्कमध्ये तडजोड येते. तेवढ्याच पैशांत हार्डटेलला चांगला एअर फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि ट्यूबलेस टायर बसतात. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात ट्यूबलेस मला सगळ्यात आधी हवं. काटा उपसला, चाक फिरवलं, टायरमधल्या पातळ सीलंटने भोक बुजवलं की पुढे चालू. फक्त आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये व्हॉल्व्ह काढून पातळी बघत राहावी लागते.

डेमो घेताना दोन गोष्टी जरूर करा. नेण्याआधी सायकलवरच्या ओरखड्यांचे फोटो दुकानदारासमोरच काढा, आणि परत देताना धुऊन द्या. पुढच्या माणसाला डेमो मिळणार की नाही, ते यावरच ठरतं.

आता एकच चाचणी राहिलीय, काळ्या मातीची. ओली माती टायरला चिकटून फोर्कच्या कमानीत आणि मागच्या चेनस्टेमध्ये (मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या नळ्यांमध्ये) अशी भरते की चाक फिरत नाही. टायर २.४ इंची घ्यायचा की २.२५, हे तिथल्या मोकळ्या जागेवर ठरेल. पहिला चांगला पाऊस झाला की एअर फोर्कवाली पुन्हा एका दिवसासाठी घेणार आहे, दुकानदाराशी बोलणं झालंय. बीड, लातूर, नांदेडकडे कुणी मीडियम साइझची हार्डटेल डेमोला देत असेल तर दर आणि टायरची रुंदी कळवा. बालाघाटातल्या चढणींवरही चालवून बघायची आहे.