ट्रेस्को अ‍ॅबे गार्डन: एका दिवसात उरकायला जाऊ नका

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापलीकडच्या सिली बेटांवरचं ट्रेस्को अ‍ॅबे गार्डन पेन्झान्स बंदराहून एका दिवसात होतं असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. आम्हाला तेच सांगितलेलं, वर "बोट फक्त पावणेतीन तास". तेवढाच वेळ लागतो, पण बोट जाते ती सिलीच्या मुख्य बेटाला, सेंट मेरीजला, आणि तिथलं बंदर उथळ म्हणून बोटीचा तळही उथळ, त्यामुळे लँड्स एंडचं टोक मागे पडलं की ती या कुशीवरून त्या कुशीवर लोळत जाते. सासूबाईंचे फार हाल झाले. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधीच घ्या, मळमळायला लागल्यावर उपयोग नाही, आणि जागा खाली मधोमध पकडा.

साधारण बाराला सेंट मेरीज, परतीची बोट साडेचारच्या आसपास, आणि मधे छोट्या लाँचने ट्रेस्कोला जाऊन यायचं. त्यात भरती-ओहोटी! ट्रेस्कोला तीन धक्के आहेत, कार्न निअर, न्यू ग्रिम्सबी आणि ओल्ड ग्रिम्सबी, पाणी किती आहे त्यावर कुठे उतरवणार आणि कुठून उचलणार ते ठरतं. आम्हाला उतरवलं बागेच्या जवळच्या कार्न निअरला आणि परतीची लाँच न्यू ग्रिम्सबीहून, म्हणजे बागेतून लवकर निघा आणि वारा खात तंगडतोड करा, कारण पर्यटकांसाठी बेटावर गाड्या नाहीत. उतरतानाच लाँचवाल्याला वेळ आणि धक्का दोन्ही विचारून घ्या. लाँचचं तिकीट वेगळं, बागेचं वेगळं. आम्ही शेवटी मोठी बोट सोडून दिली, सेंट मेरीजला महागडी रूम घेतली आणि सकाळी परत बागेत गेलो. तुम्ही रूम आधीच बुक करा.

बाग मात्र अफाट आहे, तिच्यासाठी ती बोट मी परत सहन करीन! १८३४ मध्ये ही बेटं भाडेपट्ट्याने घेतलेल्या ऑगस्टस स्मिथने जुन्या मठाच्या पडक्या भिंतींभोवती ती सुरू केली. इथे थंडी सौम्य, खरा शत्रू वारा, म्हणून कडेने माँटेरी पाइन आणि सायप्रसची दाट रांग लावली आणि तिच्या आडोशाला इंग्लंडात दक्षिण आफ्रिकेचे प्रोटिया फुलतात. जानेवारी १९८७ च्या बर्फाने बाग होरपळली, १९९० च्या वादळाने ती झाडांची रांगच झोपवली, म्हणजे आज दिसतं त्यातलं बरंचसं नव्याने उभं केलेलं आहे, हे कळल्यावर त्या माळ्यांना हात जोडावेसे वाटले. आपल्याकडे बांधावर असते त्या घायपाताचे भाऊबंद वरच्या कोरड्या टप्प्यांवर आहेत, खाली दमट सावलीत ट्री फर्न. आधी वर जा, पायऱ्या पाय ताजे असताना चढा. बागेतलं वल्हाला नावाचं संग्रहालय चुकवू नका, या बेटांजवळ फुटलेल्या जहाजांच्या पुढच्या टोकावरचे लाकडी पुतळे तिथे ठेवलेत.

आईवडील सोबत असतील तर पेन्झान्सहून थेट ट्रेस्कोला हेलिकॉप्टर आहे, महाग आहे तरी घ्या. फक्त धुक्यात ते उडत नाही, त्यामुळे लागून दुसऱ्या दिवशी भारतात परतायचं विमान ठेवू नका.